दुसरी गाडी मिळेपर्यंत : पुण्यातल्या फियाटचे दीर्घायुष्य

१९६४ सालची फियाट ११०० डिलाइट आणि नव्वदच्या दशकातली पेट्रोलवर चालणारी प्रीमियर पद्मिनी शेजारी उभ्या करून दोघींची बॉनेटे उघडली, तर मधल्या तीन दशकांचा मागमूस फारसा लागत नाही. तेच १०८९ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे इंजिन, तोच कार्बोरेटर, स्टिअरिंगच्या दांड्यावर बसवलेला तोच गिअर. भारतीय मोटारउद्योगाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी या साचलेपणाची यथेच्छ टिंगल केली आहे. ती अनाठायी नाही. पण त्याच साचलेपणामुळे पुण्यासारख्या शहरात एकेक मोटार पंचवीस-तीस वर्षे रस्त्यावर राहू शकली. हा धागा त्या दीर्घायुष्याचा आहे.

सुरुवात थोडी दूरून करावी लागेल. १९२०च्या दशकात अमेरिकेत जनरल मोटर्सच्या आल्फ्रेड स्लोनने दरवर्षी नवे मॉडेल काढण्याची पद्धत रुजवली. ग्राहकाची गाडी मोडण्याआधीच ती त्याला जुनी वाटू लागावी, हे त्यामागचे गणित. हीच कंपनी १९२८ साली मुंबईत शिवडीला आली आणि सुट्या भागांच्या पेट्यांतून मोटारी जोडू लागली. म्हणजे ‘बदला आणि नवी घ्या’ हा विचार आपल्याकडे लवकर पोहोचला होता. तो टिकला नाही, याचे कारण सरकारी धोरणात सापडते.

सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि स्वातंत्र्याच्या वर्षी कुर्ल्याहून गाड्या बाहेर पडू लागल्या. १९४९ साली पूर्ण तयार मोटारींच्या आयातीवर बंदी आली. १९५३ साली टॅरिफ कमिशनने शिफारस केली की, ज्यांना देशातच टप्प्याटप्प्याने सुटे भाग बनवायचे आहेत त्यांनाच या धंद्यात राहू द्यावे. नुसती जोडणी करणाऱ्या फोर्ड आणि जनरल मोटर्सने गाशा गुंडाळला. मोटारीसाठी उरले तिघेच : कलकत्त्याजवळ हिंदुस्तान मोटर्स, मद्रासला स्टँडर्ड आणि मुंबईत प्रीमियर. पुणेकराच्या दृष्टीने यांतली घरची म्हणावी अशी प्रीमियर. तिची पन्नाशीच्या दशकातली, पुढून फुगीर नाकाची फियाट लोकांनी ‘डुक्कर फियाट’ म्हणून ओळखली. हे नाव हिणवण्यासाठी पडले खरे, पण घरोघर ते मायेनेच उच्चारले जाई.

कारखाने तीन आणि उत्पादनावर परवान्याची मर्यादा. मागणी कितीही वाढो, कारखानदाराने मनाला येईल तितके उत्पादन करायचे नाही, असा तो जमाना होता. १९५९ साली मोटारींच्या आणि १९६० साली स्कूटरींच्या वाटप-विक्रीवर नियंत्रणाचे आदेश निघाले. नाव नोंदवायचे, अनामत भरायची आणि वाट पाहायची. स्कूटरची कथा तर पुण्याला अधिकच बोचणारी. बजाजचा कारखाना आकुर्डीला, शनिवारवाड्यापासून वीस किलोमीटरच्या आत. तरी चेतकसाठी पुण्याच्या ग्राहकालाही देशातल्या इतरांसारखी वर्षानुवर्षे रांग. परकीय चलनात पैसे भरणाऱ्याला मात्र ती लवकर मिळे. रांग चुकवायची तर कुणाची तरी ताजी गाडी ‘ऑन’ देऊन, म्हणजे छापील किमतीवर वर पैसे मोजून, घ्यावी लागे.

वापरलेली वस्तू नव्या वस्तूपेक्षा महाग पडते, अशी वेळ अर्थव्यवस्थेत क्वचित येते. ती आली की मालकाची वृत्ती बदलते. दाराशी उभी असलेली फियाट ही खर्चाची बाब न राहता कुटुंबाची ठेव होते. डॉक्टर, वकील, कंत्राटदार, क्वचित एखादा प्राध्यापक असा तेव्हाचा मोटारमालक वर्ग. त्यातल्या बहुतेकांना आयुष्यात दुसरी मोटार मिळेल याची शाश्वती नव्हती. निगा राखणे हा पुणेरी काटकसरीचा गुण म्हणून सांगितला जातो. ते अर्धेच खरे. ज्याला पर्याय नाही, त्याला निगेवाचून गत्यंतर नसते.

ही निगा म्हणजे नेमके काय होते, हे आजच्या वाचकाला कल्पनेने समजणे अवघड आहे. सकाळी गाडी काढण्यापूर्वी रेडिएटरचे झाकण उघडून पाणी पाहणे, पट्टी ओढून ऑइल पाहणे, बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालणे ही रोजची किंवा आठवड्याची कामे. पुढच्या चाकांच्या किंगपिनला आणि इतर सांध्यांना ठरावीक अंतराने ग्रीस भरावे लागे. ते चुकले की सांधा झिजे, स्टिअरिंग जड होई आणि टायर एका बाजूने खाल्ला जाई. इग्निशनचे पॉइंट जळून खडबडीत होत. ते पॉलिश पेपरने घासून, फिलर गेज लावून त्यांतली फट पुन्हा नेमकी करायची. टॅपेटची फटही तशीच मोजून ठेवायची. ती जास्त झाली तर इंजिन खडखडते आणि फार कमी झाली तर व्हॉल्व्ह नीट मिटत नाही व जळतो. त्यामुळे जाणता मिस्त्री अजिबात आवाज नसलेल्या इंजिनाकडे संशयाने पाही.

धूर ही त्या काळातली नाडीपरीक्षा. निळसर धूर म्हणजे पिस्टनच्या रिंगा झिजून ऑइल जळते आहे. काळा धूर म्हणजे कार्बोरेटर पेट्रोल जास्त पाजतो आहे. गरम इंजिनातून पांढरी वाफ येत राहिली तर हेड गॅस्केट फुटून पाणी आत शिरते आहे. आज हे काम संगणकाला जोडलेली वायर करते. तेव्हा ते डोळा, कान आणि नाक करत.

रिंगा बदलूनही भागेनासे झाले की इंजिन उतरवून ‘बोअर’ करायचे. सिलिंडरची झिजलेली भिंत यंत्रावर कातून किंचित मोठी करायची आणि त्या मापाचा मोठा पिस्टन बसवायचा. हे ठरलेल्या टप्प्यांनी काही वेळाच करता येते, कारण दर वेळी भिंत पातळ होत जाते. शेवटचा टप्पाही संपला की आत लोखंडी लायनर ठोकून पुन्हा मूळ मापावर यायचे, आणि मोजणी पहिल्यापासून सुरू. या एका युक्तीमुळे इंजिनाला तत्त्वतः शेवटच राहत नाही. बोअर केल्यानंतरचे पहिले काही शे किलोमीटर गाडी हळू चालवायची. नवे पृष्ठभाग एकमेकांशी जुळून यावे लागतात. मागच्या काचेवर ‘रनिंग इन’ची चिठ्ठी लावून रमतगमत जाणारी मोटार ही त्या काळात सन्मानाची गोष्ट होती.

या सगळ्या निगेची वार्षिक परीक्षा बोरघाटात होई. द्रुतगती महामार्ग होण्यापूर्वी मुंबईहून परतताना खोपोलीनंतरचा चढ पहिल्या-दुसऱ्या गिअरवर चढावा लागे. वाटेत बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्यांची रांग हे उन्हाळ्यातले नेहमीचे दृश्य. कुणाचे पाणी उकळलेले, कुणाच्या पेट्रोलची नळीतच वाफ होऊन पुरवठा तुटलेला. त्यावर उपाय म्हणजे पेट्रोल पंपावर ओले फडके टाकून थांबणे. घाटात न थांबता लोणावळा गाठले की घरी आल्यावर मिस्त्रीचे कौतुक होई, ड्रायव्हरचे नव्हे.

हवामानाने पुण्याला एक सवलत दिली होती. समुद्राच्या खाऱ्या हवेत पत्रा लवकर कुजतो. पुणे समुद्रापासून दूर आणि साडेपाचशे मीटरहून अधिक उंचीवर, त्यामुळे इथला पत्रा मुंबईपेक्षा सावकाश गंजतो. उरलेला शत्रू पावसाळा. पाऊस संपला की गाडी उचलून खालचा चिखल धुवायचा आणि चासिसला काळे ऑइल मारायचे. ते ऑइल पुढच्या पावसात कुठे वाहून जाई, याचा विचार तेव्हा कुणी केला नाही.

मात्र नुसती निगा पुरत नाही. सुटा भाग मिळावा लागतो. इथे प्रीमियरचे साचलेपण कामाला आले. तेच मॉडेल दशकानुदशके चालू राहिल्याने नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानदाराला वीस वर्षे जुन्या गाडीसाठी वेगळा साठा ठेवण्याची गरज नव्हती. नव्या गाडीचे पुष्कळसे भाग जुनीला चालत. जो भाग नवा परवडत नसे तो बुधवारी आणि रविवारी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात शोधला जाई. क्यूबाशी तुलना केली तर फरक स्पष्ट होतो. १९५९च्या क्रांतीनंतर हवानातल्या अमेरिकी गाड्यांचे सुटे भाग येणे बंद झाले. तिथल्या कारागिरांनी भलत्याच गाड्यांची इंजिने बसवून त्या चालत्या ठेवल्या. हवानाची गाडी जुगाडावर जगली. पुण्याची फियाट मात्र बहुतांशी स्वतःच्याच भागांवर जगली, आणि दुरुस्तीचे काम त्यामुळे शिकता व शिकवता येण्याजोगे झाले.

ते शिकवण्याची सोय या शहरात असाधारण होती. औंधच्या आयटीआयमधून शिकलेले तरुण, १९६६ साली पुण्यात आलेल्या टेल्कोने घडवलेले शिकाऊ कामगार आणि दापोडीची एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. ती लाकडी बॉडीची बेडफर्ड होती. तेव्हापासून बसची बॉडी नव्याने बांधणे, इंजिन खोलून पुन्हा जुळवणे, टायरला नवा रबर चढवणे ही कामे महामंडळाने स्वतःच्या कार्यशाळांत केली. गाडी एखाद्या तारखेला ‘संपत’ नाही, तिचा एकेक भाग संपतो, ही समज दापोडीच्या भिंतींआत रोज वापरली जाई.

गल्लीतल्या गॅरेजची बाजू अधिक खडतर. दहा-बारा वर्षांचा पोरगा आधी पान्हे पुसायला, मग चाके खोलायला आणि पुष्कळ वर्षांनी इंजिनाला हात लावायला, अशी ती शाळा. पगार नाममात्र, मार मुबलक. या कारागिरांचा इतिहास लिहिण्याची मोठी अडचण कागदांची आहे. आरसी बुकात मालकाचे नाव, इंजिन क्रमांक, चासिस क्रमांक आणि हस्तांतरणाच्या तारखा असतात. गाडी तीस वर्षे चालवली कुणी हे त्यातून कळते. तीस वर्षे चालती ठेवली कुणी, याची नोंद सरकारदप्तरी कुठेच नाही.

स्मरणरंजनाला इथे आवर घालायला हवा. ती गाडी आजच्या मापाने धोकादायक होती : चारही चाकांना ड्रम ब्रेक, सीट बेल्ट नाही, एअरबॅगचा प्रश्नच नाही. २००० सालापर्यंत देशभर शिसेयुक्त पेट्रोल जळत होते आणि ते शिसे लहान मुलांच्या रक्तात जात होते. कितीही उत्तम सांभाळलेला कार्बोरेटर नव्या इंधनप्रणालीइतका स्वच्छ जळत नाही. १९६६ साली स्थापन झालेल्या आणि वेताळ टेकडीवर वसलेल्या एआरएआयमध्ये वाहनांच्या धुराच्या चाचण्या होतात, त्याच शहराच्या चौकांत जुन्या गाड्या धूर ओकत उभ्या असत. पर्यायाच्या अभावातून आलेले दीर्घायुष्य हे निव्वळ सद्गुण म्हणून मिरवता येत नाही.

अभाव संपला तशी वृत्तीही बदलली. १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, १९९३ साली मोटारनिर्मितीवरचा परवाना उठला आणि रांगा विरल्या. इंजिनात इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आले. पॉइंट घासायचे उरले नाहीत, आणि घासणाराही. त्याच सुमारास कायद्याने मोटारीच्या वयाकडे पाहायला सुरुवात केली. १९८८च्या मोटार वाहन कायद्याने खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांपुरतीच वैध ठरवली. पुढे तपासणी करून दर पाच वर्षांनी नूतनीकरण. २०१० साली महाराष्ट्राने पंधरा वर्षांपुढच्या खासगी वाहनांवर पर्यावरण कर लावला. २०२१ साली वाहन मोडीत काढण्याचे राष्ट्रीय धोरण आले आणि एप्रिल २०२२ पासून जुन्या मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क सहाशे रुपयांवरून पाच हजारांवर गेले. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा होती, त्यामुळे २००३ साली नोंदलेली तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावरून उतरली. तिचे इंजिन कोणत्या स्थितीत होते, हा प्रश्न तारखेपुढे गौण होता.

पुण्यातल्या खासगी फियाटला अशी सरसकट वयोमर्यादा नाही. पंधराव्या वर्षानंतर सात नूतनीकरणे पार पाडली की ती पन्नाशीला पोहोचते, आणि जुलै २०२१च्या नियमांनुसार पन्नाशी ओलांडलेले वाहन ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. त्याला ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी पाटी मिळते. १९७४ साली पद्मिनी हे नाव घेऊन निघालेल्या पहिल्या गाड्या २०२४ साली या उंबरठ्यावर आल्या. पण नियमाला एक अट जोडलेली आहे. गाडी मूळ स्वरूपात हवी. चासिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नको. शिवाय अशी पाटी लागलेली गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. पडवीत झाकून ठेवलेली मोटार या अटीत सहज बसते. पत्रा बदललेली, इंजिन बदललेली आणि अजूनही दर शनिवारी मंडईला जाणारी फियाट त्यात बसत नाही. तिने पुढच्या पाच वर्षांसाठी पुन्हा आरटीओच्या रांगेत उभे राहायचे असते.