प्रो टूल्स मागे पडलं का?

आजचा प्रश्न वर्तमानातला आहे, पण त्याचं उत्तर इतिहासात शिरल्याशिवाय मिळत नाही. आपण फोटोकॉपीला सरसकट ‘झेरॉक्स’ म्हणतो, तसं ध्वनिमुद्रणाच्या धंद्यात एक नाव झालं: प्रो टूल्स. ‘जरा प्रो टूल्स करून घे’ असं क्रियापदासारखं ते वापरलं गेलं. आणि गेली दहा-पंधरा वर्षं दुसरं वाक्य ऐकू येतंय, ‘आता त्यात काही राम उरला नाही, लॉजिक घे, एबलटन घे.’ ध्वनिमुद्रण शिकणाऱ्या मुलांसाठी ही नुसती गप्पांची बाब नाही. कोर्सची फी, संगणक आणि वर सॉफ्टवेअरची वार्षिक वर्गणी असा सगळा हिशोब त्यावर उभा असतो. म्हणून जरा नीट बघू.

सुरुवात अगदी किरकोळ होती. 1983 मध्ये ई-म्यू कंपनीचं ड्रम्युलेटर नावाचं यंत्र बाजारात आलं. ढोल-झांजांचे आवाज त्यात चिपमध्ये साठवलेले असत. कॅलिफोर्नियातल्या पीटर गॉचर आणि इव्हान ब्रुक्स या दोन मित्रांनी त्या यंत्रासाठी वेगळ्या आवाजांच्या चिपा विकायला सुरुवात केली. चीप काढा, दुसरी बसवा. एवढाच धंदा. पण ते आवाज तपासायला, कापायला, साफ करायला पडद्यावर ध्वनिलहर दिसली तर बरं, या गरजेतून 1985 मध्ये मॅकिंटॉशसाठी ‘साउंड डिझायनर’ हा प्रोग्राम आला. कंपनीचं नाव झालं डिजिडिझाइन.

पडद्यावर आवाज ‘दिसणं’ ही किती मोठी गोष्ट होती, हे समजायला टेपचा काळ आठवावा लागेल. टेपवर गाण्याचा एखादा तुकडा काढायचा म्हणजे टेप हाताने मागेपुढे करून नेमकी जागा कानाने शोधायची, खडूने खूण करायची, ब्लेडने तिरका छेद द्यायचा आणि चिकटपट्टीने जोडायचं. चुकलात तर चुकलात. संगणकात ‘अनडू’ आहे. ब्लेडला अनडू नाही. (हशा)

1989 मध्ये साउंड टूल्स आलं. आवाज थेट हार्ड डिस्कवर, पण दोनच ट्रॅक. कारण साधं अंकगणित आहे. सीडीच्या दर्जाचा स्टिरिओ आवाज एका मिनिटाला साधारण 10 एमबी जागा खातो, आणि त्या काळी संगणकात 40 एमबीची डिस्क असली तरी चंगळ वाटायची. म्हणजे एक गाणं ठेवलं की डिस्क भरत आली. 1991 मध्ये प्रो टूल्स आलं ते चार ट्रॅकचं, किंमत सुमारे 6000 डॉलर. चार ट्रॅक म्हणजे 1967 साली बीटल्सनी ‘सार्जंट पेपर’ ज्या प्रकारच्या मशीनवर केला, तेवढी क्षमता. स्टुडिओतली 24 ट्रॅकची टेपमशीन तेव्हा या खेळण्याकडे बघून हसत असणार.

मग ते जिंकलं कसं? इथे थोडं थांबू, कारण पुढची सगळी गोष्ट या एका निर्णयातून निघते. गायक माइकसमोर गातो, आवाज संगणकात जातो, तिथून हेडफोनमध्ये परत येतो. या फेरीला क्षणाचा शंभरावा-पन्नासावा भाग जरी जास्त लागला, तरी गायकाला स्वतःचाच आवाज मागून आल्यासारखा वाटतो, ताल सुटतो. तेव्हाच्या संगणकाला हे काम झेपणारं नव्हतं. डिजिडिझाइनने ते संगणकाकडून काढून घेतलं आणि स्वतःच्या खास कार्डांवर टाकलं. 1994 मध्ये टीडीएम ही रचना आली. रिव्हर्ब, कंप्रेशन वगैरे सगळी आकडेमोड त्या कार्डांवरच्या चिपा करायच्या. महाग, पण भरवशाचं. स्टुडिओवाल्याला भरवसा हवा असतो. तासाचं भाडं चालू आहे, चाळीस वादक बसलेत आणि मशीन अडकलं, हे त्याला परवडत नाही.

1995 मध्ये चित्रपट संकलनाची यंत्रणा बनवणाऱ्या अ‍ॅव्हिडने डिजिडिझाइन विकत घेतली. 1999 मध्ये रिकी मार्टिनचं ‘लिव्हिन ला व्हिडा लोका’ आलं. ध्वनिमुद्रण, संकलन, मिश्रण सगळं प्रो टूल्समध्ये होऊन अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या क्रमांकावर गेलेलं ते पहिलं गाणं मानलं जातं. तिथून पुढे टेपचे दिवस भरले.

आता प्रतिस्पर्ध्यांकडे येऊ. बरेच जण या सगळ्या प्रोग्रामांना एकाच जातीचे समजतात. तसं नाही, घराणी दोन आहेत. प्रो टूल्स हे टेपचं घराणं. दुसरं घराणं स्वरलिपीचं. हॅम्बर्गच्या स्टाइनबर्ग कंपनीचं क्यूबेस 1989 मध्ये अटारी संगणकावर आलं तेव्हा ते आवाज साठवतच नव्हतं. कोणती पट्टी, कधी, किती जोराने दाबली, एवढीच नोंद ते ठेवायचं. तिला मिडी म्हणतात. म्हणजे गाणं नव्हे, गाण्याचं नोटेशन. लॉजिकही याच घराण्यातलं. त्यामुळे ही माणसं पहिल्यापासून संगीतकाराच्या बाजूने विचार करत होती, आणि डिजिडिझाइन ध्वनिमुद्रकाच्या.

1996 मध्ये स्टाइनबर्गने व्हीएसटी आणलं. खास कार्ड नको, संगणकाचा प्रोसेसरच रिव्हर्ब वगैरेचं गणित करेल, आणि हवं त्याने त्यासाठी प्लगइन लिहावं. त्या दिवशी ते कमकुवत होतं. पण प्रोसेसर दर वर्षी वेगवान होत होते आणि कार्डांचं महत्त्व दर वर्षी कमी होत होतं. 1997 मध्ये बेल्जियममधून फ्रूटीलूप्स आलं, आजचं एफएल स्टुडिओ. आपल्याकडे मिरवणुकीत वाजणारी रिमिक्स करणाऱ्या मुलांचं ते लाडकं, आणि एकदा घेतलं की पुढच्या आवृत्त्या फुकट. 2001 मध्ये बर्लिनचं एबलटन लाइव्ह आलं. त्यात आवाज रबरासारखा ताणून चालू तालात बसवता यायचा, तोही मंचावर, वाजवता वाजवता. 2002 मध्ये अ‍ॅपलने लॉजिकची मूळ कंपनी एमॅजिक घेतली आणि विंडोजवरचं लॉजिक बंद करून टाकलं. त्या ग्राहकांनी काय बोल लावले असतील, कल्पना करा.

मग प्रो टूल्स मागे पडलं का? वैशिष्ट्यांच्या यादीत, हो, आणि चांगलंच. तयार गाण्याची फाइल काढायची तर 2013 मधल्या 11व्या आवृत्तीपर्यंत पूर्ण गाणं वाजवत बसावं लागे. पाच मिनिटांच्या गाण्याला पाच मिनिटं, दोन तासांच्या सिनेमाला दोन तास. इतरांकडे हे काम केव्हाच झटपट होत होतं. (काही जुने ध्वनिमुद्रक म्हणत, बरंच आहे, निदान एकदा सगळं सलग ऐकलं तरी जातं. तेही खोटं नाही.) 64 बिटचंही तसंच: लॉजिक 2010 मध्ये, प्रो टूल्स 2013 मध्ये. सूर दुरुस्त करणारं मेलोडाइन प्रोग्रामच्या आत जोडायची एआरए ही सोय स्टुडिओ वनमध्ये 2011 ला आली, प्रो टूल्समध्ये 2022 ला. अकरा वर्षं!

अभियंते आळशी होते म्हणून हे झालं नाही. कंपनी विकत होती ती कार्डं. स्वस्त आवृत्ती, तिला एलई म्हणत, मुद्दाम पंख कापून दिली जायची. ट्रॅक मर्यादित, आणि प्लगइनमुळे होणारा विलंब आपोआप भरून काढायची सोयही नाही. ती सोय आणि कंपनीच्या यंत्राशिवाय प्रोग्राम चालवायची मुभा, दोन्ही 2010 अखेर, 9व्या आवृत्तीत मिळाली. माझं मत विचाराल तर खरा उशीर इथे झाला. घरच्या खोलीत संगीत करणारी एक पिढी तोवर दुसरीकडे निघून गेली होती. 2020 मध्ये वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा ग्रॅमी मिळवणारा बिली आयलिशचा अल्बम तिच्या भावाने घरातल्या झोपायच्या खोलीत लॉजिकवर केला. आपले रहमानही लॉजिकवाले.

तरीही मुंबईतल्या एखाद्या मिक्सिंग थिएटरमध्ये जाऊन बघा. समोर प्रो टूल्सच दिसेल. कारण तिथे प्रश्न कोणाकडे जास्त सोयी आहेत हा नसतो. संवाद एकाने संकलित केलेत, फोली दुसरीकडे झाली, संगीत चेन्नईहून आलं, आणि सगळं सोमवारी एका टेबलावर उघडायला हवं. त्या साखळीत एकाने वेगळं सॉफ्टवेअर वापरलं की सगळ्यांचा खोळंबा. म्हणून गाणं रचण्याच्या खोलीत प्रो टूल्स हरलं आणि मिश्रणाच्या खोलीत टिकलं. तिथेही आता धक्के बसताहेत. डॉल्बी अ‍ॅटमॉसचं मिश्रण 2017 मध्ये प्रो टूल्सच्या महागड्या आवृत्तीत आलं, आणि 2021 मध्ये अ‍ॅपलने तीच सोय लॉजिकच्या ग्राहकांना जादा पैसे न घेता देऊन टाकली. 2023 मध्ये अ‍ॅव्हिडच एसटीजी या गुंतवणूक कंपनीने सुमारे 1.4 अब्ज डॉलरला विकत घेतली.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला खरी काळजी वेगळीच वाटते. प्रो टूल्सच्या सेशन फाइलमध्ये आवाज नसतो. आवाज शेजारच्या फोल्डरमध्ये असतो. सेशनमध्ये असतात फक्त सूचना: हा तुकडा इथे, त्यावर हे प्लगइन, इतका रिव्हर्ब. 11व्या आवृत्तीने जुन्या टीडीएम आणि आरटीएएस प्लगइनना दार बंद केलं. म्हणजे 2005 चं सेशन आज उघडलं तर तुकडे जागेवर दिसतील, पण त्यांना आकार देणारी प्लगइन गायब. टेप निदान दुसऱ्या कंपनीच्या मशीनवरही वाजायची. त्यात 2015 पासून वर्गणीची पद्धत आली: भाडं थांबलं की पूर्ण आवृत्ती बंद. 2023 मध्ये बिटविग आणि स्टुडिओ वनच्या कंपन्यांनी डॉप्रोजेक्ट नावाचा खुला नमुना आणला आहे, एकातलं काम दुसऱ्यात नेता यावं म्हणून. मला तो सगळ्या नव्या सोयींपेक्षा महत्त्वाचा वाटतो.

श्रोत्यांतून प्रश्न आलाय, ‘मग शिकायचं काय?’ सिनेमा, मालिका, डबिंगमध्ये नोकरी हवी असेल तर प्रो टूल्स शिका, पर्याय नाही. मोफत ‘इंट्रो’ आवृत्ती आहे, आठ ऑडिओ ट्रॅकची, सरावाला पुरते. स्वतःचं संगीत करायचं असेल तर मित्र जे वापरतात ते घ्या, अडलं तर विचारता येईल. आणि कशावरही करा, काम संपलं की प्रत्येक ट्रॅक गाण्याच्या शून्य सेकंदापासून शेवटपर्यंत सलग वेव्ह फाइल म्हणून काढा, एकदा प्लगइनसकट, एकदा कोरा. फोल्डरवर लय आणि पट्टी लिहा आणि दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा. पुढचा प्रश्न?