रायगड किनाऱ्यावरील कोकण कृषी विद्यापीठाचे संशोधन

डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ हे दापोली (जि. रत्नागिरी) येथे मुख्यालय असलेले राज्य कृषी विद्यापीठ आहे. त्याची स्थापना १८ मे १९७२ रोजी झाली. रायगड जिल्ह्यात विद्यापीठाची पनवेल, कर्जत व श्रीवर्धन येथे संशोधन केंद्रे असून ती अनुक्रमे खारजमीन, भात आणि सुपारी या विषयांवर काम करतात.

== खारभूमी संशोधन ==
पेण, अलिबाग, उरण व पनवेल तालुक्यांतील खाड्यांलगतचा सखल प्रदेश खारेपाट म्हणून ओळखला जातो. बांध घालून भरतीचे पाणी अडवावयाचे आणि पावसाचे जादा पाणी उघाडीवाटे ओहोटीला बाहेर सोडावयाचे, अशी येथील शेतीची रीत आहे. उन्हाळ्यात बाष्पीभवनामुळे जमिनीतील क्षार पृष्ठभागी येतात. पावसाने ते धुपून खाली जातात आणि पाऊस ओसरताच पुन्हा वर चढू लागतात. भाताची कोवळी रोपे व फुलोरा या दोन्ही अवस्था क्षारांना विशेष संवेदनशील असतात. पनवेल येथील खारभूमी संशोधन केंद्राने याकरिता ‘पनवेल-१’, ‘पनवेल-२’ व ‘पनवेल-३’ या क्षारसहनशील जाती विकसित केल्या.

== भात ==
कर्जत येथील प्रादेशिक कृषी संशोधन केंद्रात गोड्या जमिनीतील भातावर संशोधन होते. लवकर सुकणाऱ्या उंचवट्याच्या शेतांसाठी ‘कर्जत-३’, ‘कर्जत-७’ यांसारख्या हळव्या, तर पाणी दीर्घकाळ टिकणाऱ्या खोलगट शेतांसाठी ‘कर्जत-२’सारख्या गरव्या जाती येथे निर्माण झाल्या. ‘सह्याद्री’ ही संकरित भातांची मालिकाही याच केंद्राची आहे. सुधारित सरळ जातीचे बियाणे शेतकऱ्याला घरी राखता येते. संकरित बियाणे मात्र दरवर्षी नव्याने घ्यावे लागते.

== बागायती पिके ==
श्रीवर्धनची रोठा सुपारी प्रसिद्ध आहे. तेथील सुपारी संशोधन केंद्राच्या कार्यातून ‘श्रीवर्धनी’ ही जात पुढे आली. आंब्याच्या ‘रत्ना’ (१९८१) व अत्यंत पातळ कोय असलेल्या ‘सिंधू’ (१९९२) या संकरित जातीही विद्यापीठाच्याच आहेत. हापूस आंब्याला २०१८ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. त्याच्या क्षेत्रात रायगड जिल्ह्याचा समावेश असून नोंदणीधारक संस्थांमध्ये विद्यापीठाचा अंतर्भाव आहे.

== परिणाम व मर्यादा ==
या संशोधनामुळे जमिनीचा उतार, ओलावा व क्षारता पाहून भाताची जात निवडणे शक्य झाले. तथापि क्षारसहनशील जातीचा उपयोग बांध शाबूत असेपर्यंतच होतो. बांधाला खांड पडून भरतीचे पाणी शेतात साचल्यास कोणतीही भातजात तग धरत नाही, आणि पडीक राहिलेल्या खाचरांत खारफुटी वाढू लागते. बांधांची निगा हा संशोधन केंद्राच्या नव्हे, तर शासनाच्या खारभूमी विभागाच्या व ग्रामस्थांच्या अखत्यारीतील विषय आहे. याखेरीज उद्योग व नागरी वस्तीकडे वळलेली भातजमीन पुन्हा लागवडीखाली येणे दुरापास्त असते.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर धडकले व सुपारी-नारळाच्या वाड्या मोठ्या प्रमाणावर उन्मळून पडल्या. भाताचे नुकसान पुढील हंगामात भरून काढता येते. सुपारीचे नवे झाड फळावर येण्यास मात्र अनेक वर्षे लागतात. त्यामुळे उत्पादनवाढीइतकाच वादळानंतर वाड्या पुन्हा उभ्या करण्याचा प्रश्नही या किनाऱ्यावरील कृषी संशोधनाच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरला आहे.