बॉम्बे रक्तगट : एका शोधाचा आणि एका चाचणीचा इतिहास

प्रास्ताविक

वैद्यकाच्या इतिहासात शोध बहुधा संशोधकाच्या नावाने ओळखला जातो. ‘बॉम्बे रक्तगट’ हा त्याला अपवाद आहे. तो एका शहराच्या नावाने ओळखला जातो. १९९५ साली त्या शहराचे अधिकृत नाव मुंबई झाले, तरी जगभरच्या रक्तपेढ्यांच्या नोंदींत ‘बॉम्बे’ हा शब्द तसाच राहिला. या रक्तगटाची पहिली नोंद मे १९५२ मध्ये ‘द लॅन्सेट’ या ब्रिटिश साप्ताहिकातील एका छोट्या निबंधाने झाली. गेल्या सत्तर वर्षांत त्याचे रसायन उलगडले, जनुक सापडले, उत्परिवर्तनेही निश्चित झाली. मात्र ज्या साध्या चाचणीमुळे तो १९५२ साली प्रथम लक्षात आला, त्याच चाचणीवर अशा व्यक्तीचा जीव आजही अवलंबून आहे. संशोधनाची प्रगती आणि रक्तपेढीतील नित्यकर्म यांचे हे नाते तपासण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे.

लँडस्टायनर ते साॅलोनिका

व्हिएन्ना येथील कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली मानवी रक्ताचे तीन गट असल्याचे दाखवून दिले. चौथा, म्हणजे ‘एबी’ गट, पुढच्याच वर्षी त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्णिला. तांबड्या पेशींवर ‘ए’ किंवा ‘बी’ हा प्रतिजन असतो अथवा नसतो आणि जो प्रतिजन पेशींवर नाही त्याच्याविरुद्धचे प्रतिपिंड रक्तरसात असते, असा हा नियम होता. या कामासाठी लँडस्टायनर यांना १९३० सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. या मांडणीत ‘ओ’ गटाला स्वतःचे असे काही नव्हते. दोन्ही प्रतिजनांचा अभाव म्हणजे ‘ओ’, अशीच त्याची व्याख्या होती. पुढे जे घडले त्याचे मूळ या व्याख्येत आहे.

भारतीय रक्ताने या शास्त्रात प्रवेश केला तो मोजणीचा विषय म्हणून. पहिल्या महायुद्धात सॅलोनिकाच्या आघाडीवर लुडविक आणि हान्ना हिर्झफेल्ड या दांपत्याने निरनिराळ्या देशांच्या सैनिकांचे रक्तगट तपासले. त्यांत हिंदी पलटणींतील शिपाईही होते. १९१९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत ‘बी’ गटाचे प्रमाण भारतीयांत सर्वाधिक आढळले. त्यावरून ‘बी’ गटाचा उगम भारतात झाला असावा, असे अनुमानही मांडले गेले. रक्तगटांवरून ‘वंश’ ठरवण्याच्या त्या काळच्या उत्साहाचा तो भाग होता. त्या अनुमानाचे पुढे फारसे काही उरले नाही. मात्र त्या मोजणीत भारतीय माणूस कोणत्या भूमिकेत होता, हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. त्याचे रक्त घेतले गेले. प्रश्न विचारणारे आणि उत्तर लिहिणारे दुसरेच होते.

परळमधील कोडे

परळच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजची आणि के. ई. एम. रुग्णालयाची स्थापना १९२६ सालची. सेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी देणगी देताना अध्यापकवर्ग भारतीयच असावा, अशी अट घातली होती. वैद्यकीय सेवेतील वरिष्ठ जागा गोऱ्या अधिकाऱ्यांसाठी राखून ठेवण्याची प्रथा असलेल्या त्या काळात ही अट केवळ भावनिक नव्हती. तिच्यामुळे भारतीय विकृतिशास्त्रज्ञांची एक पिढी तेथे स्वतंत्रपणे काम करू शकली. वाय. एम. भेंडे हे त्याच परंपरेतले. वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांना त्यांचे नाव एस. जी. देवधरे यांच्यासमवेत लिहिलेल्या विकृतिशास्त्राच्या पाठ्यपुस्तकामुळे परिचित आहे.

१९५२ च्या निबंधाच्या मुळाशी असलेले कोडे सांगायला सोपे आहे. काही व्यक्तींच्या तांबड्या पेशींत ‘ए’ नव्हता आणि ‘बी’ही नव्हता. नियमानुसार त्या ‘ओ’ गटाच्या ठरत होत्या. परंतु त्यांचा रक्तरस ‘ए’ आणि ‘बी’ पेशींबरोबरच ‘ओ’ पेशींचेही समूहन घडवून आणीत होता. ‘ओ’ गटाच्या माणसाला ‘ओ’ गटाचेच रक्त चालू नये, ही गोष्ट लँडस्टायनरच्या चौकटीत बसत नव्हती. शंभराहून अधिक दात्यांचे रक्त जुळवून पाहिल्यानंतरच मेळ बसणारे रक्त हाती आले.

असा विसंगत निकाल हातचुकीत जमा होणे सहज शक्य होते. नळी अस्वच्छ होती, पेशी जुन्या होत्या, थंडीमुळे समूहन झाले, अशी स्पष्टीकरणे प्रयोगशाळेत नेहमीच हाताशी असतात. शिवाय काही सामान्य व्यक्तींच्या रक्तरसातही ‘ओ’ पेशींना चिकटणारे दुर्बळ प्रतिपिंड असते. ते कमी तापमानालाच काम करते आणि सहसा निरुपद्रवी असते. येथील प्रतिपिंड मात्र शरीराच्या तापमानालाही सक्रिय होते. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया यांनी ही विसंगती बाजूला सारली नाही. नमुने लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये पाठवण्यात आले. तेथे रूथ सँगर व आर. आर. रेस हे रक्तगटांवर, तर डब्ल्यू. टी. जे. मॉर्गन व विनिफ्रेड वॉटकिन्स हे रक्तगटांच्या रसायनावर काम करीत होते. ‘लॅन्सेट’मधील निबंधावर या सातही जणांची नावे आहेत आणि पहिली तीन मुंबईची आहेत.

या सहकार्याकडे दोन प्रकारे पाहता येते. कच्चा माल मुंबईचा आणि विश्लेषण लंडनचे, ही जुनीच रीत स्वातंत्र्यानंतरही चालू राहिली, असे म्हणता येईल. रसायनाची साधने त्या वेळी मुंबईत नव्हती, हे खरेच आहे. तरीही ही तक्रार अपुरी वाटते. सॅलोनिकात भारतीय शिपाई मोजला गेला होता. परळमध्ये प्रश्न भारतीयांनी उपस्थित केला. योग्य प्रश्नासह पाठवलेला नमुना आणि केवळ पाठवलेला नमुना यांत मोठे अंतर असते.

पाया नसलेले घर

मॉर्गन व वॉटकिन्स यांनी ‘ओ’ पेशींवरही एक द्रव्य असते, हे आधीच ओळखून त्याला १९४८ साली ‘एच’ असे नाव दिले होते. मुंबईच्या व्यक्तींत हे ‘एच’ द्रव्यच नव्हते, म्हणून त्यांच्या रक्तरसात ‘ए’ आणि ‘बी’ बरोबर ‘एच’विरुद्धचेही प्रतिपिंड होते. ‘ओ’ गट म्हणजे निव्वळ अभाव, ही समजूत येथे मोडली. ‘ओ’ पेशींवर ‘एच’ भरपूर असतो. खरा अभाव कोठे आढळला, तर तो मुंबईत.

याचा आनुवंशिक अर्थ तीन वर्षांनी अमेरिकेत स्पष्ट झाला. फिलिप लिव्हाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ साली अशाच रक्ताच्या एका स्त्रीचे कुटुंब तपासले. तिच्या स्वतःच्या पेशींवर ‘बी’ दिसत नव्हता, पण तिच्या मुलीत तो तिच्याकडूनच उतरला होता. म्हणजे ‘बी’चे जनुक तिच्याकडे होते, ते व्यक्त होत नव्हते इतकेच. या प्रकाराला ‘बॉम्बे’ हे नाव लिव्हाइन यांच्या गटाने दिले. रक्तगटांवरून मातृत्व-पितृत्वाचे वाद निकालात काढले जाण्याच्या त्या काळात या निष्कर्षाला एक गंभीर बाजू होती. ‘ओ’ गटाच्या आईला ‘एबी’ गटाचे मूल होऊ शकत नाही, हा नियम अशा एखाद्या आईवर मोठा अन्याय करू शकत होता.

घराच्या उपमेने ही रचना समजण्यास सोपी जाते. ‘एच’ हा पाया आणि ‘ए’ व ‘बी’ हे त्यावरचे मजले. एक एन्झाइम पेशीवरील शर्करा-साखळीला फ्यूकोज जोडते, तेव्हा ‘एच’ तयार होतो. नंतर ‘ए’ किंवा ‘बी’चे एन्झाइम त्यावर आणखी एक शर्करा चढवते. पायाच नसेल, तर मजला बांधणारा कारागीर हजर असूनही काही उभे राहत नाही. १९९० मध्ये ‘एच’ तयार करणाऱ्या एन्झाइमचे ‘एफयूटी१’ हे जनुक हाती आले. ते एकोणिसाव्या गुणसूत्रावर आहे. ‘एबीओ’चे जनुक नवव्यावर. १९९४ साली बॉम्बे गटाच्या व्यक्तींत ‘एफयूटी१’ निकामी झाल्याचे सिद्ध झाले. १९९७ मध्ये जपानी संशोधकांनी भारतीय बॉम्बे गटातील नेमका दोष दाखवला. ‘एफयूटी१’मध्ये एका अक्षराचा बदल असतो आणि शेजारचे ‘एफयूटी२’ हे जनुक गळालेले असते.

इतिहासाच्या अभ्यासकाला पुढील निष्कर्ष अधिक मोलाचा वाटेल. हिंदी महासागरातील रेयुनियाँ या फ्रेंच बेटावरही हा रक्तगट आढळतो. १९९८ च्या एका अभ्यासात तेथील भारतीय वंशाच्या व्यक्तींत भारतातलाच जनुकदोष सापडला, तर गोऱ्या रहिवाशांत वेगळा. एकोणिसाव्या शतकात करारबद्ध मजूर भारतातून या बेटावर नेण्यात आले होते. त्या स्थलांतराची खूण वंशजांच्या पेशींतही टिकून राहिली आहे. जहाजांच्या याद्यांच्या बरोबरीने असा पुरावा वापरण्याचा विचार आपल्या इतिहास विभागांतून अद्याप फारसा झालेला दिसत नाही.

मुंबईतील पुढचे काम

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९५७ साली मुंबईत रक्तगट संदर्भ केंद्र सुरू केले. त्याचीच पुढे के. ई. एम. परिसरातील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था झाली. भाटिया यांचे बहुतेक आयुष्य या कामात गेले. १९६२ साली त्यांनी एल. डी. संघवी यांच्यासह बॉम्बे रक्तगट आणि नात्यातील विवाह यांचा संबंध तपासला. गुण अप्रभावी असल्यामुळे आईवडील दोघांकडून तो आल्याखेरीज प्रकट होत नाही, आणि मामा-भाचीच्या किंवा आते-मामे भावंडांच्या विवाहांत ती शक्यता वाढते. १९७४ च्या त्यांच्या अभ्यासावरून मुंबईत सुमारे ७,६०० व्यक्तींमागे एक, असे प्रमाण सांगितले जाते. युरोपात ते दहा लाखांमागे एक इतके अल्प मानतात. याच केंद्रातून १९७३ साली आणखी एका नव्या प्रतिजनाची नोंद झाली आणि त्यावरून एका स्वतंत्र रक्तगटप्रणालीला ‘इंडियन’ हे नाव मिळाले. बॉम्बेच्या प्रसिद्धीमुळे हा दुसरा शोध झाकोळला गेला.

बॉम्बे गट हा आजार नव्हे. अशी व्यक्ती एरवी पूर्णतः निरोगी असते आणि रक्ताची गरज पडेपर्यंत तिला आपले वेगळेपण ठाऊकही नसते. १९९२ साली इस्रायलमध्ये वर्णिलेल्या एका दुर्मिळ विकारात बॉम्बे रक्तगटाबरोबर वारंवार होणारे जंतुसंसर्ग व मतिमांद्यही आढळते, परंतु त्याचे कारण वेगळे आहे. तेथे पेशीला फ्यूकोजचा पुरवठाच नीट होत नाही.

धोका कोठे आहे

रक्तगट ठरवताना दोन तपासण्या कराव्या लागतात. पहिलीत रुग्णाच्या पेशी ज्ञात प्रतिपिंडांशी, दुसरीत रुग्णाचा रक्तरस ज्ञात पेशींशी ताडून पाहतात. पहिल्या तपासणीत बॉम्बे गटाची व्यक्ती निःसंशय ‘ओ’ दिसते. दुसरीत ‘ओ’ पेशी ठेवल्या असतील, तरच भेद उघड होतो. त्यानंतर युलेक्स या काटेरी झुडपाच्या बियांच्या अर्काने ‘एच’चा अभाव निश्चित करता येतो. हा अर्क स्वस्त आहे. त्यासाठी जनुकचाचणीची आवश्यकता नाही. रक्तगट-शिबिरांत काचपट्टीवर होणारी तपासणी पहिल्याच पायरीवर थांबते आणि ओळखपत्रावर ‘ओ’ छापले जाते. अपघातात वेळ नसताना क्रॉसमॅच न करता ‘ओ’ रक्त देण्याची पद्धत सर्वांसाठी जीवदायी आहे. बॉम्बे गटाच्या रुग्णात मात्र त्याच रक्ताने तीव्र रक्तविलयन होऊन मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात आणि मृत्यूही ओढवू शकतो.

गट योग्य ओळखला गेला, तरी रक्त कोठून आणायचे, हा प्रश्न उरतो. अशा रुग्णाला बॉम्बे गटाचेच रक्त चालते. सख्ख्या भावंडांत तो गट असण्याची शक्यता चारांत एक असते, म्हणून प्रथम तीच तपासली जातात. तांबड्या पेशी प्रचलित पद्धतीने ३५ ते ४२ दिवस टिकतात. ग्लिसरॉलमध्ये त्या गोठवून वर्षानुवर्षे ठेवता येतात, परंतु ही सोय मोजक्याच केंद्रांत आहे. त्यामुळे पिशवीपेक्षा दात्यांची यादी महत्त्वाची ठरते. दुर्मिळ दात्यांची राष्ट्रीय नोंदवही याच परळच्या संस्थेने हाती घेतली आहे.

अलीकडील संशोधनातून या प्रश्नाला मिळणारे साहाय्य विषम आहे. आतड्यातील जिवाणूंच्या एन्झाइमांनी ‘ए’ आणि ‘बी’ प्रतिजन छाटून कोणतेही रक्त ‘ओ’सारखे करण्याचे प्रयोग २०१९ मध्ये कॅनडात आणि २०२४ मध्ये डेन्मार्क व स्वीडनमधील संशोधकांनी प्रसिद्ध केले. रक्ताचा तुटवडा कमी करण्याच्या दृष्टीने ते निश्चितच आशादायक आहेत. परंतु मजले उतरवले तरी पाया उरतोच, आणि बॉम्बे गटाच्या रुग्णाला नेमका तोच चालत नाही. २०२२ मध्ये ब्रिटनमध्ये दात्याच्या मूलपेशींपासून प्रयोगशाळेत वाढवलेल्या तांबड्या पेशी माणसाच्या शरीरात सोडण्यात आल्या. त्यांचे प्रमाण एक-दोन चमचे इतकेच होते, पण हे काम दुर्मिळ गटांच्या रुग्णांसाठीच आरंभलेले आहे.

दरम्यान कर्नाटकात मुंबईच्या इतिहासाशी जवळीक सांगणारी घटना घडली. कोलार येथील एका ३८ वर्षांच्या स्त्रीला हृदय-शस्त्रक्रियेसाठी रक्त हवे होते. तिचा गट ‘ओ’ पॉझिटिव्ह, म्हणजे अगदी सामान्य. पण तिचा रक्तरस तपासलेल्या प्रत्येक पिशवीशी विसंगत ठरत होता. बंगळूरच्या रक्तकेंद्राने तिच्या वीस नातेवाइकांचे रक्त जुळवून पाहिले, तरी मेळ बसला नाही. नमुने ब्रिस्टलच्या आंतरराष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळेत गेले. सुमारे दहा महिन्यांच्या संशोधनानंतर क्रोमर रक्तगटप्रणालीतील एक नवा प्रतिजन निश्चित झाला आणि जून २०२५ मध्ये मिलान येथील परिषदेत ‘सीआरआयबी’ या नावाने तो जाहीर करण्यात आला. त्या नावातील पहिली दोन अक्षरे क्रोमरची, उरलेली दोन इंडिया व बंगळूरची. त्या स्त्रीची शस्त्रक्रिया डॉक्टरांनी तत्पूर्वीच, बाहेरचे रक्त न देता, पार पाडली होती.