आज्ञा सापडत नाही!

हाताने चालवली की बिनचूक चालणारी आज्ञावली रात्री आपोआप सुरू झाली की अडते. संगणकाचा निरोप एवढाच : ‘आज्ञा सापडत नाही.’ आमच्या गटाची एका रात्रीची मोजमापे अशीच वाया गेली. यंत्र तेच होते, आज्ञावलीतले एक अक्षरही बदललेले नव्हते. मग चुकले कुठे? उत्तरासाठी थोडे इतिहासात जावे लागते.

१९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी युनिक्स ही संगणकप्रणाली रचायला घेतली. तिच्यात ‘एलएस’ ही दोन अक्षरे टंकली की फायलींची यादी मिळते. पण ‘एलएस’ ही स्वतःसुद्धा डिस्कवरची एक फाईलच! ती शोधायची कुठे? सुरुवातीच्या काळात या जागा ठरलेल्या होत्या : आधी चालू डिरेक्टरी, तिथे नसेल तर ‘बिन’ नावाची डिरेक्टरी. आपल्या आज्ञा वाचणाऱ्या ‘शेल’ या आज्ञावलीतच त्या पक्क्या केलेल्या असत.

१९७९ च्या सातव्या आवृत्तीत स्टीफन बोर्न यांचा नवा शेल आला. आता ही यादी ‘पाथ’ नावाच्या चलात ज्याची त्याला लिहिता येऊ लागली. शोध यादीच्या क्रमाने होतो आणि आज्ञा सापडली की थांबतो. एक आज्ञावली दुसरीला सुरू करताना अशा चलांची नक्कल तिच्या हाती देते. या संचाला ‘एन्व्हायर्नमेंट’ म्हणतात. आईने लेकराला बांधून दिलेली शिदोरीच ही! लेकराने तिच्यात काही बदलले तरी आईच्या डब्यात फरक पडत नाही.

पुढे दूरच्या यंत्राला आज्ञा धाडण्याची सोय झाली. १९९५ साली फिनलंडमध्ये टाटू युलोनेन यांनी त्यासाठी ‘एसएसएच’ ही सुरक्षित पद्धत तयार केली. इथेच मेख आहे. आपण स्वतः लॉग-इन करतो तेव्हा शेल आपली खाजगी फाईल वाचतो आणि ‘पाथ’मध्ये आपल्या जागांची भर घालतो. दुसऱ्या यंत्राने नुसती एक आज्ञा धाडली, किंवा ‘क्रॉन’ने ठरल्या वेळी काम सुरू केले, तर लॉग-इनची ती फाईल सहसा वाचलीच जात नाही. शिदोरी तुटपुंजी राहते. आमचे साधन नेमके यादीबाहेरच्या डिरेक्टरीत होते.

उपाय सोपा आहे. साधनाचा पूर्ण पत्ता लिहावा, किंवा आज्ञावलीच्या आरंभीच ‘पाथ’ स्पष्ट मांडावा. शंका आली तर ‘पाथ’ छापून पाहावा : एकदा हाताने, एकदा आपोआप. दोन्हींतला फरक लगेच दिसतो. चालू डिरेक्टरी मात्र यादीत पहिली ठेवू नये; तिथे कुणी खोटी ‘एलएस’ ठेवली तर तीच चालेल.

वर्गात ‘नकाशा आण’ म्हटले की जुना विद्यार्थी धावत जाऊन आणतो. आजच दाखल झालेला दारातच थबकतो, कारण कपाट कुठे आहे ते त्याला कुणी सांगितलेलेच नसते. आपोआप चालणारी आज्ञावली रोजच नव्याने दाखल होत असते.