आलापिनी : देवगिरीच्या ग्रंथातील श्रुती, मुलीचे दुर्मीळ नाव

भिलाई (छत्तीसगड) : संगीताशी नाते सांगणाऱ्या मुलींच्या नावांत श्रुती, स्वरा, अंतरा, आरोही ही नावे आज मराठी कुटुंबांच्या परिचयाची झाली आहेत. ‘आलापिनी’ मात्र त्या पंक्तीत क्वचितच दिसते. या नावाचा अर्थ सहसा ‘आलाप घेणारी’ किंवा ‘गायिका’ एवढाच सांगितला जातो. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. आलापिनी हे भारतीय संगीतशास्त्रातील एका नेमक्या श्रुतीचे नाव आहे. त्याच नावाची एक वीणाही पूर्वी प्रचारात होती. या दोन्हींचे वर्णन ज्या ग्रंथात आहे, तो तेराव्या शतकात यादवांच्या देवगिरीत, म्हणजे आजच्या दौलताबादेत, लिहिला गेला.

शब्दाची फोड सोपी आहे. संस्कृतात ‘लप्’ म्हणजे बोलणे. त्याला ‘आ’ हा उपसर्ग लागून ‘आलाप’ होतो. त्याचा मूळ अर्थ संभाषण, आणि ‘वार्तालाप’ या शब्दात तो आजही टिकून आहे. रागाचे स्वरूप स्वरांनी हळूहळू उलगडणे, हा संगीतातील अर्थ याच संभाषणाचा विस्तार होय. आलाप करणारी ती आलापिनी. विलाप, प्रलाप, संलाप हे शब्द याच धातूचे. मराठीतील ‘आळवणे’ हे क्रियापदही याच कुळातले असून, देवाला आळवणे आणि भूपाळी आळवणे या दोन्ही प्रयोगांत बोलणे व गाणे एकत्र नांदते. आलापिनी या नावाचा भाव एखाद्या मराठी शब्दाने सांगायचा झाला, तर ‘गायिका’पेक्षा ‘आळवणारी’ हा शब्द अधिक जवळचा ठरेल.

शास्त्रातील अर्थासाठी शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकर’ या ग्रंथाकडे वळावे लागते. शार्ङ्गदेवाचे घराणे मूळ काश्मीरचे. त्याचे आजोबा भास्कर दक्षिणेत आले आणि वडील सोढल यादवांच्या सेवेत होते. शार्ङ्गदेव स्वतः सिंघण यादवाच्या दरबारी श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याच्या हिशेबखात्याचा प्रमुख होता. हिशेबनिसाची शिस्त त्याच्या ग्रंथातही जाणवते. सात अध्यायांच्या या ग्रंथातील पहिल्या, स्वरगताध्यायात त्याने सप्तकाच्या २२ श्रुती एकेक करून नावानिशी मांडल्या आहेत. षड्जाच्या चार: तीव्रा, कुमुद्वती, मंदा, छंदोवती. ऋषभाच्या तीन: दयावती, रंजनी, रतिका. गांधाराच्या दोन: रौद्री, क्रोधा. मध्यमाच्या चार: वज्रिका, प्रसारिणी, प्रीती, मार्जनी. पंचमाच्या चार: क्षिती, रक्ता, संदीपनी, आलापिनी. धैवताच्या तीन: मदंती, रोहिणी, रम्या. निषादाच्या दोन: उग्रा, क्षोभिणी.

बावीसही नावे स्त्रीलिंगी आहेत, कारण ‘श्रुती’ हा शब्दच स्त्रीलिंगी. त्यांपैकी रोहिणी, प्रीती, रंजनी, रम्या ही नावे मुलींना सर्रास ठेवली जातात. ती ठेवताना श्रुतींची आठवण कोणाला असते असे मात्र नाही. रोहिणी आली ती नक्षत्रातून आणि प्रीती तिच्या रूढ अर्थातून. क्रोधा, उग्रा, क्षोभिणी यांच्या वाट्याला पाळणा येणे अवघडच. केवळ संगीतामुळेच नाव ठेवले गेले असे म्हणता येईल, अशी या यादीत जवळजवळ एकटी आलापिनीच उरते.

शार्ङ्गदेवाने श्रुतींच्या पाच जातीही सांगितल्या आहेत: दीप्ता, आयता, करुणा, मृदू आणि मध्या. करुणा या जातीत तीनच श्रुती येतात. दयावती, आलापिनी आणि मदंती या त्या तिघी. त्यामुळे ग्रंथाच्या हिशेबाने आलापिनी ही सतरावी श्रुती, पंचमाची चौथी आणि जातीने करुणा आहे. एखाद्या नावाचा पत्ता इतक्या काटेकोरपणे देता यावा, हे नावांच्या जगात फारसे घडत नाही.

तिचे स्थानही साधे नाही. प्राचीन पद्धतीत स्वर आपल्या शेवटच्या श्रुतीवर उभा असे. त्यानुसार षड्जग्रामात षड्ज चौथ्या श्रुतीवर आणि पंचम सतराव्या, म्हणजे आलापिनीवर येतो. दोहोंत तेरा श्रुतींचे अंतर पडते आणि षड्ज-पंचमाचा संवाद साधला जातो. मध्यमग्रामात मात्र पंचम एका श्रुतीने खाली उतरतो आणि संदीपनीवर थांबतो. मग सोळाव्या श्रुतीवरचा पंचम आणि सातव्या श्रुतीवरचा ऋषभ यांत नऊ श्रुतींचे अंतर राहून त्यांचा संवाद जुळतो. इकडे आलापिनी पंचमाकडून सुटते आणि धैवताच्या वाट्याला जाते, त्यामुळे धैवत चार श्रुतींचा होतो. दोन ग्रामांमधला मूळ फरक या एका श्रुतीचा आहे. ‘नाट्यशास्त्रा’त भरताने दोन वीणांच्या साहाय्याने श्रुतीचे जे माप समजावले आहे, ते पंचम असा एका श्रुतीने उतरवूनच. सतराव्या श्रुतीला पुढे मिळालेले आलापिनी हे नाव घेतले, तर दोन ग्रामांमधली सीमारेषाच तिच्या नावावर आहे असे म्हणता येते.

पुढे हिशेब बदलला. पंडित विष्णू नारायण भातखंडे (१८६०-१९३६) यांनी ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ हा ग्रंथ मराठीत, गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपाने, चार भागांत लिहिला. त्यांच्या मांडणीत शुद्ध स्वर आपल्या पहिल्या श्रुतीवर असतो. त्यामुळे पंचम चौदाव्या श्रुतीवर, क्षितीवर गेला. आलापिनी पंचमाच्या कुटुंबातच राहिली, पण पंचमाचे आसन होण्याचा मान तिने गमावला. आता ती अठराव्या श्रुतीवरील शुद्ध धैवताच्या अगदी अलीकडची पायरी आहे. आज संगीताच्या वर्गात हीच मांडणी प्रामुख्याने शिकवली जाते. म्हणून ‘आलापिनी म्हणजे पंचम’ हे विधान प्राचीन षड्जग्रामापुरते खरे असून सरसकट करता येत नाही.

याच ग्रंथाच्या सहाव्या, वाद्याध्यायात आलापिनी नावाची वीणा येते. दांडी, एक भोपळा आणि एकच तार असे तिचे रूप होते. भोपळा छातीशी धरून ती वाजवत. एकतंत्री आणि किन्नरी या तिच्या समकालीन वीणा होत. किन्नरी हे नावही मुलींना दिले जाते, मात्र त्यामागे बहुधा वीणेपेक्षा किन्नरलोकाची कल्पना असते.

भिलाईच्या संदर्भात या नावाला आणखी एक धागा जोडलेला आहे. शहराच्या वायव्येस खैरागड येथे इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय आहे. त्याची स्थापना १४ ऑक्टोबर १९५६ रोजी झाली. खैरागडचे राजे वीरेंद्र बहादूर सिंह आणि राणी पद्मावती देवी यांनी लहानपणी निवर्तलेल्या आपल्या संगीतप्रेमी कन्येच्या स्मरणार्थ राजवाडा या कार्यासाठी दिला आणि विद्यापीठाला तिचे, इंदिरा हे नाव मिळाले. एरवी संगीतातले नाव मुलीला मिळते, येथे मुलीचे नाव संगीताला मिळाले. भातखंडे यांचे शिष्य, मुंबईत जन्मलेले पंडित श्रीकृष्ण नारायण रातंजनकर (१९००-१९७४) यांनी या विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषविले होते. देवगिरीच्या ग्रंथातील आणि भातखंडे यांच्या मराठी ग्रंथातील श्रुतिविचार अशा रीतीने भिलाईच्या शेजारीच अभ्यासाचा विषय बनला.

या भागाशी मराठीचा संबंध जुना आहे. अठराव्या शतकाच्या मध्यापासून १८५४ पर्यंत छत्तीसगड नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होते. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत दुर्ग जिल्ह्याची राजधानी नागपूर होती. १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी करार होऊन भिलाई पोलाद प्रकल्पाची उभारणी सुरू झाली आणि देशाच्या अन्य भागांप्रमाणे विदर्भातूनही कुटुंबे येथे आली. स्थानिक परंपरेत नावे सण, वार आणि महिन्यांवरून पडत. भिलाईनजीक गनियारी येथे जन्मलेल्या, पंडवानी गायनासाठी २०१९ मध्ये पद्मविभूषणाने गौरविल्या गेलेल्या तीजनबाई यांचे नाव तीज या सणाशी नाते सांगते. या परिसरातील सर्वाधिक ख्यातकीर्त गायिकेच्या नावात संगीत नाही, ही गमतीची बाब.

लोकप्रियतेचे मोजमाप करणे कठीण आहे. अमेरिकेत सामाजिक सुरक्षा प्रशासन दरवर्षी बालकांच्या नावांची क्रमवारी प्रसिद्ध करते आणि पाचपेक्षा कमी वेळा आलेली नावे यादीतून वगळते. भारतात अशी राष्ट्रीय क्रमवारी निघत नाही. त्यामुळे ‘सर्वाधिक लोकप्रिय’ किंवा ‘लाखात एक’ असे शिक्के मारणाऱ्या याद्यांवर विसंबण्यात अर्थ नाही. नावे कशी पसरतात, हे मात्र दिसते. रागरागिणींच्या वर्गीकरणातून भैरवी, आसावरी, गौरी ही नावे घरात रुळली. ‘आशिकी २’ या २०१३ च्या हिंदी चित्रपटाची नायिका आरोही केशव शिर्के ही मराठी मुलगी होती आणि ते नाव देशभर ऐकू गेले. आलापिनीला असा चित्रपट लाभला नाही, तिच्या नावाचा लोकप्रिय रागही नाही. चार अक्षरांचे हे नाव दोनअक्षरी नावांच्या आजच्या ओढीतही मागे पडते.

ध्वनिसाम्यामुळे होणारा एक घोटाळाही नोंदवायला हवा. कुमार गंधर्व यांच्या कन्या, गायिका कलापिनी कोमकली यांचे नाव आलापिनीशी यमक जुळवणारे असले, तरी त्याचा आलापाशी संबंध नाही. कलाप म्हणजे मोराचा पिसारा, कलापी म्हणजे मोर आणि कलापिनी म्हणजे लांडोर.

हिंदीभाषक प्रदेशात खरी अडचण पहिल्या अक्षराची आहे. हिंदीत ‘अलापना’ हे क्रियापद ऱ्हस्व अकाराने रूढ आहे आणि ‘अपना राग अलापना’ म्हणजे आपलेच तुणतुणे वाजवणे. त्या सवयीने ‘अलापिनी’ असे लिहिले जाण्याची शक्यता राहते. रोमन लिपीत एकच ‘ए’ अक्षर लिहिल्यास फरक मुळीच कळत नाही. संस्कृतच्या नियमाने मात्र आरंभीचा ‘अ’ नकार दर्शवतो, म्हणजे ‘अलापिनी’चा अर्थ ‘न बोलणारी’ असा उलटा होऊ शकतो. एका कान्याने नाव आपल्याच विरोधात जाते.

कागदपत्रांच्या दृष्टीने हा कानाही महत्त्वाचा आहे. जन्म आणि मृत्यू नोंदणी कायदा, १९६९ मधील दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली असून, त्या दिवशी वा त्यानंतर जन्मलेल्या बालकांसाठी जन्मप्रमाणपत्र हा शाळाप्रवेश, मतदारयादी, वाहन परवाना, विवाहनोंदणी आणि सरकारी नोकरी यांसाठी जन्माचा पुरावा ठरतो. जन्माची नोंद नावाशिवाय झाली असल्यास बारा महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येते आणि त्यानंतर विलंबशुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत ही सोय मिळते. लेखनातील चुकीची दुरुस्ती निबंधक समासात नोंद घेऊन करतो, मूळ नोंद खोडली जात नाही. त्यामुळे अर्ज भरतानाच देवनागरीत ‘आलापिनी’ असे स्पष्ट लिहून देणे आणि प्रमाणपत्र हाती येताच पहिले अक्षर तपासून घेणे सोयीचे पडते.