भाड्याचे घर आणि चुन्याचा हात

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत मी नेहमी पाककृती देते. यंदा अध्यक्षाबाई म्हणाल्या, "वहिनी, पुढच्या खोल्या भाड्याने देताना काय काय केलेत ते लिहा." मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. इतिहास सांगण्याचा माझा अधिकार नाही. परंतु भिंतीला चुना देता देता जुन्या गोष्टी आठवल्या, काही वाचनालयातून पुस्तके आणून वाचल्या. त्या भगिनींपुढे ठेवते.

झाले असे की, गेल्या वर्षी आमच्या कल्याणच्या घराच्या पुढच्या दोन खोल्या रिकाम्या झाल्या. मुलीची कॉलेजची फी त्याच भाड्यातून भागत असे. चार महिने माणसे येत आणि ओट्यावरूनच परत जात. दोष आमचाच होता. ओट्याची फरशी उखडलेली, पायरीशी मोडकी सायकल, दर्शनी भिंतीला पोपडे. आत उजव्या भिंतीला ओल होती ती निराळीच. धाकटे भाऊजी म्हणाले, "वरून ऑइलपेंट मारा. पावसाळ्यापर्यंत ओल दिसायची नाही, तोवर करारही होऊन जाईल." पैसे थोडेच होते. रंग तरी होणार होता, नाही तर गळक्या पन्हळीची दुरुस्ती तरी.

आपण सणाला हौसेने चुना काढतो. मुंबईकरांनी मात्र एके काळी त्याचा धसका घेतला होता. 1896 च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासिओ विएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. पुढे सरकारी माणसे घरोघर शिरू लागली. सामान बाहेर काढीत, भिंती चुन्याने धूत, उजेडासाठी कौलेही उतरवीत. राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरावर 'यू. एच. एच.' अशी इंग्रजी अक्षरे रंगवीत. दारावर ती अक्षरे पाहून त्या घरच्या बाईला काय वाटले असेल! घराचा दर्शनी भाग तेव्हा रोगाची दवंडी पिटत होता.

त्या साथीमुळेच 1898 मध्ये मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. रुंद रस्ते झाले आणि पुढे दादर-माटुंग्याकडे हवेशीर घरे उभी राहिली. आमच्या आजेसासूबाई 1937 साली नव्या संसारासाठी दादरला घर शोधीत होत्या. मंदीचे ते दशक. त्या सांगत, जिकडे तिकडे 'टु लेट'च्या पाट्या होत्या. मालक दाराशी कुंड्या मांडीत, पितळी कड्या घासून ठेवीत आणि या-बसा करून चहा देत. एकाने तर पहिल्या महिन्याचे भाडे माफ केले. सर्वांत देखणी खोली त्यांनी घेतली. पहिल्याच पावसात नवा रंग पापडासारखा सुटला, आत सगळी ओल. तान्ह्या मुलाला खोकला जडला आणि भर श्रावणात बिऱ्हाड हलवावे लागले. म्हातारपणीही त्या आम्हां सुनांना बजावीत, "रंग पाहू नका ग, भिंतीला हात लावून पाहा."

मग महायुद्ध आले. मुंबईत माणसांचा लोंढा आला आणि 'टु लेट'च्या पाट्या दिसेनाशा झाल्या. 1947 साली भाडेनियंत्रणाचा कायदा झाला आणि 1 सप्टेंबर 1940 चे भाडे प्रमाण धरले गेले. गरिबाच्या डोक्यावरचे छप्पर त्यामुळे टिकले, हे विसरता कामा नये. पण भाडे वाढेना, तसा मालकाचा हात आखडला. पागडी मात्र चालू झाली. जिने मोडके, गॅलऱ्यांना टेकू, भिंती काळवंडलेल्या, अशा चाळी आपण सर्वांनीच पाहिल्या आहेत. अखेर 1997 साली सर्वोच्च न्यायालयाने ही गोठलेली भाडी आता न्याय्य राहिली नाहीत असे म्हटले. मग 1999 चा नवा कायदा 31 मार्च 2000 पासून लागू झाला. त्यात दरसाल चार टक्के वाढीची सोय आहे आणि करार लेखी करून नोंदवावा लागतो.

हे सारे वाचून मला एक गोष्ट कळली. भाडेकरूची गरज होती तेव्हा मालकांनी घरे सजविली, ती संपताच सोडून दिली. घरात राहणाऱ्या माणसाचा विचार दोन्ही वेळा थोडाच झाला.

म्हणून मी ह्यांना म्हटले, "आधी पन्हळ." रंगाचे पैसे तिकडे गेले. भिंत वाळायला दीड महिना लागला आणि तेवढे भाडे बुडाले. फीसाठी मी माझी भिशी मोडली. मग कळीचा चुना रात्रभर पिंपात विरवला, सकाळी फडक्यातून गाळला, त्यात थोडा डिंक आणि चिमूटभर नीळ घातली. पोपडे खरवडून, भिंत ओली करून मायलेकींनी कुंच्याने तीन हात दिले. खाली वीतभर कावेचा पट्टा ओढला. फरशी बसविली, सायकल भंगारात दिली, तुळशीची कुंडी पायरीशी आणली, दाराला नवा दिवा लावला. खर्च फारसा नाही; अंग मात्र आठ दिवस दुखत होते.

त्यानंतर एक बाई लहान मुलाला घेऊन आल्या. ओटा पाहून त्या आत शिरल्या आणि सरळ उजव्या भिंतीवर तळहात ठेवला. माझ्या पोटात गोळा आला. मी म्हटले, "इथे ओल होती. पन्हळ बदलली आहे. पुन्हा ओल आली तर दुरुस्ती आमच्याकडे." त्यांनी तेवढे करारात लिहून मागितले. आम्ही लिहून दिले.

यंदाचा पावसाळा गेला. भिंत कोरडी आहे. आजेसासूबाई असत्या तर त्यांनी आधी भिंतीला हात लावून पाहिले असते आणि मगच माझ्या हातचा चहा घेतला असता.