'ग्रेट गॅट्सबी' : झगमगाटाआडची कुरूपता

अमेरिकन कादंबरीकार एफ. स्कॉट फिट्झजेराल्ड यांची 'द ग्रेट गॅट्सबी' ही कादंबरी १९२५ साली प्रसिद्ध झाली. कथानक घडते १९२२ च्या उन्हाळ्यात, म्हणजे शेअर बाजारातील तेजीच्या आणि दारूबंदीच्या काळात. चोरट्या दारूच्या धंद्यावर गबर झालेला जे गॅट्सबी लाँग आयलंडवरील आपल्या प्रासादात मेजवान्यांची लयलूट करतो. हा सारा थाट खाडीपलीकडे राहणाऱ्या डेझीसाठी. ही त्याची पूर्वीची प्रेयसी आता टॉम ब्युकॅनन या गर्भश्रीमंताची पत्नी झालेली असते.

श्रीमंतांवर कोरडे ओढणारे साहित्य विपुल आहे. फिट्झजेराल्ड यांचे वेगळेपण असे, की त्यांनी पापाची वाटणी अपेक्षेच्या उलट केली. गुन्हेगार गॅट्सबी आहे; किळस येते ती मात्र प्रतिष्ठित ब्युकॅनन दांपत्याची. मर्टल या गॅरेजवाल्याच्या बायकोशी टॉमचे राजरोस संबंध आहेत. डेझीचे नाव उच्चारल्याबद्दल तो तिचे नाक फोडतो आणि पुढे कुटुंबसंस्थेच्या ऱ्हासावर प्रवचनही झोडतो. डेझी चालवत असलेल्या मोटारीखाली हीच मर्टल मरते. डेझी थांबत नाही. गॅट्सबी तो दोष स्वतःवर घ्यायला तयार होतो. मोटार गॅट्सबीची, हे टॉमकडून कळताच मर्टलचा नवरा त्याला गोळी घालतो आणि स्वतःही मरतो. ब्युकॅनन पती-पत्नी तोवर पत्ता न ठेवता गाव सोडून गेलेली असतात. शेकड्यांनी जेवून गेलेल्या पाहुण्यांपैकी, निवेदक निक वगळता, अंत्यविधीला एकच जण येतो.

कादंबरीचा भूगोलही बोलका आहे. प्रासादांकडून न्यूयॉर्ककडे जाणारी वाट राखेच्या ढिगाऱ्यांतून जाते. मर्टलचे बिऱ्हाड तेथेच. निक हा डेझीचा दूरचा नातलग असल्याने निवेदनही सोवळे राहत नाही. तो या झगमगाटाला भुलतो, म्हणूनच त्याची घृणा खरी वाटते.

१९४० मध्ये फिट्झजेराल्ड वारले, तेव्हा कादंबरी जवळपास विस्मृतीत गेली होती. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांना तिच्या सुमारे १ लाख ५५ हजार प्रती वाटण्यात आल्या आणि तिचे दिवस पालटले. बाझ लुहरमन यांच्या २०१३ मधील चित्रपटात अमिताभ बच्चन मेयर वुल्फशीम या जुगाऱ्याच्या भूमिकेत दिसले. त्या चित्रपटात मेजवान्यांचा डामडौल डोळे दिपवतो. अंत्यविधीचे ओसाडपण मात्र घाईने उरकले जाते. 'गॅट्सबी पार्टी' या नावाने आज जगभर मेजवान्या झडतात, तिथेही हाच डामडौल तेवढा उचललेला असतो.